बाबांचा आवाज भरून घेताना

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, की मग जेवता येईल ना. येईल, डॉक्टर म्हणाले. बाबा "मंग काढा" म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण लावत उठले. मी आणि आई अजून खुर्चीवरच बसलेल्या होतो. ऑपरेशनसाठी बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आई-बाबा अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहायचे. बाबा पाणीपुरवठ्यात होते. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधून गल्लोगल्ली फिरायचं, जमिनीतला व्हॉल्व्ह उघडायचा, ठरल्या वेळाने बंद करायचा, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. त्यामुळे रस्त्यात दिसेल ती बाई त्यांना अडवून विचारायची, आणि बाबा "येते" नाहीतर "नाई येत" एवढं बोलून पुढे जायचे. घरातही तेच. पाहुणे आले, शाळेत माझ्या तक्रारी झाल्या, माझ्या लग्नाची बोलणी झाली, सगळीकडे बोलली आई. बाबा बाजूला बसून तंबाखू मळत असत. त्या तंबाखूनेच पुढे घात केला.

आमच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका संशोधनासाठी गावोगाव मुलाखती घेत फिरायच्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आवाज भरून ठेव. मोबाइलवर करू नकोस, मध्येच फोन येतो. साधा रेकॉर्डर घे. मी त्याच संध्याकाळी घेतला. तळहातात मावणारा, चंदेरी रंगाचा, बारीक पडद्याचा आणि एका लाल बटणाचा. दोन बारीक सेल घातले की सुरू. रजा टाकून मी अकोल्याला गेले.

पहिल्या दिवशी बाबांना खाटेवर बसवलं, रेकॉर्डर उशीवर ठेवला आणि म्हटलं, बोला. ते त्या यंत्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काय बोलू याच्यात?" मी म्हटलं, काहीही. लहानपणचं सांगा. त्यांचा आवाज तेव्हाच पार बसलेला होता, वाक्याच्या शेवटी नुसता वारा यायचा. थोडा वेळ गेला, आणि त्यांनी उशाशी पडलेलं वर्तमानपत्र उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कापसाचे भाव वाचले, एका बँकेची सूचना वाचली, निधनवार्ता वाचल्या. निधनवार्ता वाचताना ओळखीचं नाव आलं की थांबून "अरे, हा गेला काय" असं स्वतःशीच म्हणाले.

संध्याकाळी ऐकायला बसले तर रेकॉर्डिंग फार लवकर संपलं. आवाज असेल तेव्हाच चालायचं आणि शांतता झाली की थांबायचं, अशी त्या रेकॉर्डरची एक सोय होती, ती चुकून सुरू राहिली होती. बाबांचं सगळं थांबणं त्याने गाळून टाकलं होतं. बाबा भराभर बोलणाऱ्या माणसासारखे वाटत होते. मी ती सोय बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न विचारायला लागले. तुमचे वडील कसे होते, नोकरी कशी लागली, आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं. बाबा "हाव" म्हणायचे, "नाई" म्हणायचे, "ध्यानात नाई" म्हणायचे. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातून आई द्यायची. पीठ मळता मळता दारात यायची आणि सुरू व्हायची. तिच्या माहेरी बाबा पाहायला आले तेव्हा दोन्ही वेळा जेवले आणि एक अक्षर बोलले नाहीत, तिच्या आजीला वाटलं मुलगा मुकाच आहे, वगैरे. मी हाताने तिला थांब म्हणायची. ती थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा बोलायची.

"अवं, थे कायले सांगतीन? मले इचार, मी सांगतो," ती म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी चिडले. दिवस संपत होते आणि माझ्याकडे होतं काय, तर कापसाचे भाव आणि आईची बडबड. मी तिला म्हटलं, "आई, तू थोडा वेळ बाहेर पायरीवर बस ना. मले बाबांचा आवाज पायजे."

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि जाऊन पायरीवर बसली. त्यानंतर मी रेकॉर्डर काढला की ती आपणहून उठायची.

आणि मी आणखी एक केलं. दुपारी बाबा झोपले की मी सगळं ऐकून निवड करायची. ज्याच्यात आई मध्ये बोलली होती ते एकेक करून पुसून टाकलं. बटण दाबलं की पडदा विचारायचा, नक्की पुसायचं का. पुन्हा दाबलं की झालं. मला त्यात काही वाटलं नाही. बाबांचा आवाज स्वच्छ हवा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. रेकॉर्डरमध्ये जागा भरपूर होती. पुसायची काही गरजच नव्हती.

नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी बाबा आपणहून म्हणाले, काढ तुझं ते. मी ठेवलं. ते बोलायला लागले ते पाण्याबद्दल. टाकीपासून पहिला व्हॉल्व्ह कुठे, तो किती आटे फिरवायचा, आधी कोणती गल्ली आणि मग कोणती, चढावरच्या घरांना पाणी पोचायचं तर खालचा भाग किती वेळ बंद ठेवायचा, कोणता व्हॉल्व्ह गंजलेला म्हणून अर्धाच उघडायचा. एकही गल्ली त्यांनी सोडली नाही. मध्ये मध्ये खोकले, पाणी प्यायले आणि परत तिथूनच पुढे. आयुष्यात त्यांना एका दमाने इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला त्यांनी माझ्याबद्दल काही बोलावं असं फार वाटत होतं. ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "झालं. बंद कर."

ऑपरेशन नीट झालं. बाबांच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. आईने जुन्या सुती साडीचे चौकोन शिवले, ते बाबा गळ्यावर बांधायचे. बोलण्यासाठी मी त्यांना वही आणून दिली. पण आईला वाचता येत नव्हतं, सही करण्यापुरतीच अक्षरं तिला यायची. पहिले काही दिवस बाबा वहीत लिहायचे आणि आई त्या कागदाकडे बघत राहायची. मग तिने वही बाजूला ठेवली आणि त्यांच्या ओठांकडे बघायला लागली. दोन-तीन महिन्यांत तिला सगळं कळायला लागलं. मी आले की तीच मला सांगायची, तुझे बाबा म्हणून राहिले का पोरगी वाळली. बाबा मान हलवायचे. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते मी दाखवून आणलं. त्याचा आवाज ऐकून बाबांनी तोंड फिरवलं. आईही म्हणाली, राहू दे, काई अडत नाई.

खरंच अडत नव्हतं. रेकॉर्डर माझ्या अमरावतीच्या कपाटात पडून होता. एकदा मी तो अकोल्याला नेऊन आईला ऐकवला. बाबा दळण आणायला गेले होते. आईने पाण्याचं ते सगळं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, हे तर मला माहीत आहे, आणि बंद करायला लावलं.

ऑपरेशननंतर दीड वर्षाने आई गेली. सकाळचे दहा वाजले असतील. ती ओट्याजवळ उभी होती आणि तिथेच खाली बसली, मग आडवी झाली. घरात बाबा एकटे. त्यांना ओरडता येत नव्हतं. ते गल्लीत धावत आले. समोरच्या घरातल्या लोकांनी पाहिलं ते असं, की म्हातारा गळा धरून तोंड हलवतो आहे. त्यांना वाटलं, श्वासाचं भोक बुजलं. त्यांनी बाबांना दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलं, धरून ठेवलं, कुणी गळ्यावरचं फडकं सोडलं, कुणी ओलं कापड आणलं. बाबा सुटायला धडपडत होते आणि ते जितके धडपडले तितकं लोकांनी त्यांना घट्ट धरलं. शेवटी बाबांनी शेजारच्या बाईच्या हाताला धरून तिला ओढत घरात नेलं.

डॉक्टर म्हणाले, ती पडली तेव्हाच गेली होती, पाच मिनिटं आधी कुणी आलं असतं तरी फरक पडला नसता. मी हे बाबांना दोनदा सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, "तुले काय माईत."

आईच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना अमरावतीला घेऊन आले. पंधरा दिवस त्यांनी जेवण, गोळ्या, आंघोळ याशिवाय वहीत काही लिहिलं नाही. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा ते वही उघडून बसले होते. लिहिलं होतं: "त्या मशीनमंधी तुया आईचा आवाज आहे का?"

मी खोटं बोलू शकले असते. सेल गेले, बिघडलं, असं काहीही. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, की आई बोलली होती ते सगळं मी पुसलं, का पुसलं, आणि तिला बाहेर बसवलं ते त्यांना माहीतच होतं. त्यांनी वही बंद केली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रेकॉर्डर मागितला. कानात घालायच्या वायरी लावून दिल्या. ते पाण्याचं रेकॉर्डिंग ऐकत बसले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा. स्वतःचा आवाज दीड वर्षाने ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. ते दुसरंच काहीतरी शोधत होते. एका जागी त्यांनी मला बोलावलं आणि एक वायर माझ्या कानाला लावली. बाबा चढावरच्या घरांचं सांगत होते, आणि त्यांच्या मागे, दूर, बाहेरून बायकांचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हता. आई पायरीवर बसलेली होती त्या वेळी.

बाबांनी लिहिलं: "माया आवाज कमी कर. तिचा वाढव."

लग्नाच्या वाद्यवृंदाचं आणि रिक्षावरच्या जाहिरातींचं रेकॉर्डिंग करणारा एक माणूस होता, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने कॉम्प्युटरवर दोन तास खटपट केली. भला माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले आहेत. वरचा काढायला गेलं की खालचाही जातो. बाबांचा आवाज तोंडाजवळचा, तो सगळं झाकतो. बाबा श्वास घ्यायला थांबले होते तेवढा एक तुकडा त्याने वेगळा काढला, घासूनपुसून मोठा केला आणि आम्हाला ऐकवला. खरखर होती, आणि त्या खरखरीत एक बाई हसली.

माझे डोळे भरून आले. मी बाबांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. त्यांनी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं: "हे तिचं नाई. शेजारच्या बाईचं आहे."

म्हणजे त्याआधी आई काहीतरी बोलली असणार, ज्यावर ती बाई हसली. मी त्या माणसाला मागे न्यायला सांगितलं. त्या हसण्याच्या आधी बाबा बोलत होते, व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते, आणि त्यांच्या आवाजाखाली काहीच ऐकू येत नव्हतं. बाबांनी हाताने खूण केली, पुरे.

रस्त्यात ते माझ्यापुढे चालत होते. मला मागून हाक मारता आली असती. मी नुसती चालत राहिले.

महिन्याभराने त्यांनी लिहिलं की अकोल्याला जातो. मी पुष्कळ समजावलं. एकट्याने कसं राहाल, रात्री-बेरात्री काही झालं तर कुणाला बोलवाल. त्यांनी पिशवी भरली. मी सोबत जाऊन घर झाडून दिलं, शेजारच्या बाईला डब्याचं सांगितलं, त्यांच्या हाताशी एक घंटी ठेवली. ती घंटी त्यांनी माझ्यासमोरच उचलून फळीवर ठेवली.

आता मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी फोन करते. बाबा उचलतात आणि कानाला लावतात. श्वासाचा आवाज येतो. मी विचारते, जेवले का काल, गोळी घेतली का, फडकं बदललं का. ते नखाने फोनवर वाजवतात. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. हे आमचं आम्हीच ठरवलं. मी घरातलं, कॉलेजातलं काही काही सांगत राहते. माझ्याच लक्षात येतं की मी फार बोलते आहे, तरी थांबत नाही. ठेवू का म्हणून विचारलं की ते काहीच वाजवत नाहीत. मी थोडा वेळ तशीच थांबते. मग बस चुकेल म्हणून मला फोन ठेवावा लागतो.