चार तारखेची चिठ्ठी

माझी पहिली नोकरी दोन माणसांच्या अबोल्यावर चालायची. अबोला होता म्हणून मी होतो. लोक नोकरीसाठी देवाला नारळ फोडतात. मी रोज सकाळी मनातल्या मनात म्हणायचो, देवा, या दोघांचं काही जमू देऊ नको.

साठ सालानंतरची गोष्ट. विद्यापीठाला जोडलेलं आमचं कॉलेज नवंच होतं, आणि ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात हेडक्लार्क बसायचे, त्यांना सगळे मोठे बाबू म्हणत. तीन पिढ्या कचेरीत खर्डेघाशी केलेलं घराणं. टाचणी हरवली तरी सापडेपर्यंत उठायचे नाहीत. दोन पावलांवर दुसरं टेबल परीक्षाबाबूंचं. विद्यापीठाला जाणारे परीक्षेचे फॉर्म त्यांच्याकडे असायचे. त्यांच्या तांड्यातून मॅट्रिक झालेला हा पहिला माणूस. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, नातू कागद वाहत होता. ही दोन टेबलं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

लोकांत सांगायला कारण वाळ्याच्या तट्टीचं. उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या तट्टीवर पाणी कुणी मारायला लावायचं, यावरून बिनसलं म्हणे. काहीतरीच! खरं असं की एकदा गठ्ठ्यातला एक फॉर्म सापडेना, तेव्हा मोठे बाबू पोरांच्या देखत बोलून गेले, "बैलावर माल लादणाऱ्यांना कागद सांभाळता येतो होय?" फॉर्म त्यांच्याच टेबलाखाली निघाला. परीक्षाबाबूंनी तो उचलला, झटकला, त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी समेटाचं मनावर घेतलं. दोघांना खोलीत बोलावून चहा मागवला. मोठे बाबू साहेबांना म्हणाले, "त्यांना सांगा." परीक्षाबाबू साहेबांना म्हणाले, "त्यायले सांगा." अर्धा तास साहेबच इकडचा निरोप तिकडे करत बसले आणि चहा गार झाला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. जे बोलायचं ते लेखी, प्रत्येक चिठ्ठीला नंबर, आवक-जावक रजिस्टरात नोंद, आणि त्यासाठी एक तात्पुरता क्लार्क. तो मी. तंटा मिटला नाही, पण फायलीला लागला, आणि साहेबांना त्याचंच समाधान.

दोन टेबलांच्या मध्ये माझं स्टूल. मोठे बाबू लिहायचे, "आपल्या बाजूची खिडकी वाजते. बंद व्हावी." नोंद, नंबर, दोन पावलं. उत्तर यायचं, "खिडकी वाऱ्याने वाजते. वाऱ्याचे काम माझ्याकडे नाही." नोंद, नंबर, परत दोन पावलं. खिडकी दिवसभर वाजत राहायची. एकदा चिठ्ठी आली, "आपल्या खुर्चीखाली विंचू आहे. माहितीस्तव." मी नियमाप्रमाणे ती आधी रजिस्टरात चढवली. तोवर विंचू आपल्या वाटेनं निघून गेला होता. रजिस्टरात अजून असेल.

तेव्हा बोरी अरब गावात माझं लग्न ठरत होतं. मुलगी मला आवडली होती, उगीच आडपडदा कशाला. पाहायला गेलो तर तिनंच मला विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "समेटाचं." ती फस्सकन हसली आणि मी तिथंच कामातून गेलो. तिचे वडील मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. "नोकरी पक्की होऊ द्या, मग तारीख काढू," म्हणाले. वर्ष भरलं की कायम करू, असं साहेबांनी मला सांगितलं होतं. वर्ष भरायला दोन महिने उरले होते.

आणि एका चार तारखेला मोठ्या बाबूंची चिठ्ठी आली. एरवी ते माझ्यापुढे टाकायचे. त्या दिवशी हातात दिली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. आत एकच ओळ होती. "त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो. माफी असावी."

सवयीनं मी जावकेत नंबर आणि तारीख टाकली. मग हात थांबला. ही दोन पावलं पुढे गेली की उद्यापासून नोंदवायला काय उरणार? चिठ्ठी ड्रॉवरमध्ये सारली. म्हटलं, उद्या देऊ. उद्याचा परवा झाला.

मोठे बाबू चष्म्यावरून सारखे शेजारी बघायचे. आपली माफी नाकारली असंच त्यांना वाटत असणार. चिठ्ठ्या लिहिणं त्यांनी बंद केलं. खिडकी वाजली तर स्वतः उठून लावायचे. आठव्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले असताना परीक्षाबाबूंनी माझ्यापुढे उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पुडी ठेवली. "खा ना बाप्पा! काहून सुकून राह्यला तू? लगन मोडलं का?" मग रिकाम्या खुर्चीकडे मान करून म्हणाले, "अन् यायले काय झालं? बिमार हायेत का? आठ दिसापासून चिठ्ठी नाही. करमत नाही मले."

हातातली शेंग मी परत पुडीत ठेवली. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता. ड्रॉवर उघडला, आवकेत बारा तारीख घातली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. मोठे बाबू परत येऊन बसल्यावर पुडी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. "घ्या. घरच्या शेतातल्या हायेत." मोठ्या बाबूंना ती शेंग काही केल्या सोलता येईना. शेवटी परीक्षाबाबूंनीच सोलून दिली.

महिनाअखेर मोठ्या बाबूंनी रजिस्टर तपासायला घेतलं. जावक चार, आवक बारा. बोट तिथं थांबलं. परीक्षाबाबू बाहेर गेल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाले, "दोन पावलांना आठ दिवस लागले तुला." मी मान खाली घातली. "असू दे. मला दोन वर्षं लागली." आणि त्यांनी सही केली.

पुढच्या महिन्यात दोघांच्या गप्पा इतक्या वाढल्या, की ऑफिसात बोलणं कमी करा असं लेखी कळवायची वेळ साहेबांवर आली. तेवढीच एक नोंद. मग हुकूम निघाला. काम उरले नसल्याने पद बंद. मसुदा मोठ्या बाबूंचा, तपासल्याची सही परीक्षाबाबूंची. दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम. "लय सांगतलं बाप्पा साहेबाले, आयकत नाहीत," परीक्षाबाबू डोळे पुसत म्हणाले.

कागद माझ्या नावाचा, पण नोंदवायचा मीच. ड्रॉवर अर्धवट उघडा होता. मी तो लावला आणि जावकेत, आवकेत, दोन्हीकडे एकच तारीख घातली.

बोरी अरबला मात्र चिठ्ठी पाठवली नाही. एसटीनं स्वतः गेलो आणि तोंडानं सांगितलं. वडिलांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "अशी कशी गेली नोकरी?" म्हटलं, "समेट झाला." आतल्या खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं. वडील हसले ते पुढच्या वैशाखात, मी राळेगावच्या शाळेत नोकरीला लागल्यावर, लग्नाची तारीख काढताना.