खालच्या बागेचं पाणी

टाकीतलं पाणी कोण संपवतं, असं घरमालकांनी मला विचारलं तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तरी मी उत्तर दिलं, आणि त्या उत्तरापायी एका कुटुंबावर घर सोडायची पाळी आली. अजाणता चूक झाली असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण ते उत्तर देताना मला बरं वाटलं होतं.

हिंगणघाटात त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही आठ वर्षं भाड्यानं राहत होतो. घरमालकांना सगळे काकाजी म्हणत. ते खाली समोरच्या भागात राहत आणि मागच्या दोन खोल्या भाड्यानं देत. मी शाळेत बाबू. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसायचं, त्यांच्या प्रत्येक कामात मत द्यायचं, काकूंच्या हातचा चहा प्यायचा, हा मी माझा मान समजत होतो.

मग मागच्या खोल्यांत कापसाच्या जिनिंग कारखान्यातला एक फिटर बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायला आला. आल्या महिन्यात त्यानं काकाजींची बोअरची मोटर सुधारून दिली, फाटकाचं बिजागर बसवलं. त्याच्या बायकोनं मागच्या रिकाम्या पट्ट्यात भेंडी, दोडके आणि मोगरा लावला. रोज सकाळी मोगऱ्याची ओंजळ काकूंच्या देवापुढे जाऊ लागली.

"हा तं घरचाच पोरगा हाय," काकाजी माझ्यासमोर म्हणाले.

आठ वर्षांत मला कोणी घरचा म्हटलं नव्हतं. ओसरीवर माझ्या जागी तो बसलेला दिसला की मी चपला न वाजवता जिना चढून जायचो. वर त्यांच्या हसण्याचे आवाज यायचे आणि मी टीव्ही मोठा करायचो. त्यांनी दिलेली भेंडी चिरताना बायको म्हणायची, किती कोवळी आहे. मी ती ताटाच्या कडेला सारायचो.

त्यांच्या दुसऱ्या उन्हाळ्यात छतावरची टाकी भर दुपारी रिकामी होऊ लागली. टँकर बोलवावा लागला. कितीतरी दिवसांनी काकाजींनी मला ओसरीवर हाक मारली.

"बाबूजी, तुम्ही शिकलेले माणूस. पाणी जाते कुठं?"

"मागं बाग आहे ना, काकाजी," मी म्हणालो. "वैशाखात भेंडी काय फुकट हिरवी राहते?"

काकाजींनी मान हलवली. काकूंनी चहा आणला. त्या चहाची चव मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी बेत सांगितला. मागच्या खोल्यांच्या पाइपावर वेगळा कॉक बसवायचा आणि तो फक्त सकाळी तासभर उघडायचा, म्हणजे टँकरचा खर्च वाचेल. फिटरनं ऐकून घेतलं.

"बसवून देतो मीच," तो म्हणाला. "पण काकाजी, बाग तं मागच्या उन्हाळ्यातही होती. तवा टँकर लागला नाई. यंदा नवीन काय झालं, ते पाहा ना."

"नवीन काई नाई. तुमचे झाडं वाढले," काकाजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्यानं स्वतःच्याच पाइपावर स्वतःच्या पान्यानं कॉक बसवला. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो.

कॉक बंद राहिला, पण टाकी रिकामी होतच राहिली, आणि बागही हिरवीच राहिली. "आम्ही न्हाणीचंच पाणी देतो, काकाजी," त्याची बायको सांगत राहिली. काकाजींना ते पटेना. हे चोरून पाणी घेतात असं त्यांच्या मनानं घेतलं. महिनाअखेरीस दुसरी खोली पाहा, असं त्यांनी फिटरला सांगून टाकलं. त्याच्या मुलींची शाळा घरामागेच होती.

एका दुपारी ते लोक घरी नव्हते, तेव्हा मी मागच्या पट्ट्यात गेलो. चोरी पकडून काकाजींना दाखवावी, एवढाच विचार. बाकी सगळी माती भेगाळलेली होती. फक्त भिंतीलगतचा भेंडी-दोडक्याचा वाफा ओला होता. दोडक्याचा वेल बाजूला केला, तर मागे एक नळी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. नळी वर माझ्या खिडकीतल्या कूलरकडे गेली होती.

कूलरमध्ये पाणी पुरेसं चढलं की तरंगता बॉल वर येऊन टाकीवरून आलेला नळ बंद करतो. मागच्या वर्षी तो बॉल वरच अडकला, कूलर कोरडा पडला आणि पंप जळाला. म्हणून यंदा मी बॉल तारेनं खाली बांधून टाकला होता. पाणी येतच राहील, जास्त झालं तर नळीतून खाली जाईल, असा हिशेब. मग ते विसरून गेलो. फिटरनं विचारलेलं नवीन ते हेच होतं.

मी वर जाऊन तार सोडली. कोणालाच काही सांगितलं नाही.

टाकी पुरू लागली. काकाजी खूश. "घर सोडा म्हटलं अन् चोरी बंद झाली. तुमचंच बरोबर होतं, बाबूजी." लिहायला लाज वाटते, पण भेंडीची पानं मान टाकताना पाहून मला आत कुठेतरी समाधान वाटत होतं.

पाचव्या दिवशी फिटरची बायको वर आली. हातात टोपलं होतं.

"वहिनी, हे घ्या. न्हाणीचं पाणी पुरत नाई, झाडं वाळून राह्यले, आता येणार नाई भेंडी. आम्ही तं चाललोच." मग माझ्याकडे पाहून हसली. "भाऊले आवडत नाई, मले माहीत हाय. पण लेकरं खातील."

ती खाली गेली. मी कूलरवरची तार उचलली आणि मागोमाग उतरलो. फिटर ओसरीच्या पायरीवर बसून जुने पाने पोत्यात भरत होता. काकाजी आत पेपर वाचत होते. मी त्यांना बाहेर बोलावलं, दोघांसमोर तार ठेवली आणि नळीचं सगळं सांगितलं. फिटरनं तार उचलून बोटांत फिरवली.

"हे तं मी दोन मिनिटांत करून देलं असतं, भाऊ," तो म्हणाला. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले सांगायचंच नव्हतं," मी म्हणालो. "काकाजी तुमाले हाक मारत, मले नाई, यानं मी जळत होतो. पाणी माझ्या घरातून जात होतं अन् नाव मी तुमचं घेतलं. समजल्यावरही पाच दिवस तोंड बंद ठेवलं. घर सोडू नका. माझी चूक झाली, भाऊ. मले माफ करा."