मागच्या खोलीतल्या सगुणाबाई

टेंभुर्णीच्या सगुणाबाईंना साखरेचा आजार जडला तेव्हापासून प्रवासाची धास्ती बसली होती. घडीघडी लघवीला जावं लागे. कुठं जायचं ठरलं, की आदल्या दिवसापासून त्या पाणी पिणंच तोडायच्या. एकदा भाचीच्या साखरपुड्याहून परतताना जीपभर पुरुषांत ‘गाडी थांबवा’ म्हणायची लाज वाटली, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी गावाची वेस ओलांडली नाही.

नवरा मच्छिंद्र बियाण्याच्या कंपनीत ड्रायव्हर होता. नोकरी संपली तसं त्यानं मनावर घेतलं.

“सारा मुलूख मी पाह्यला, सगुणा. तू काय पाह्यलं? आपण मोरी-संडासाची गाडीच घेऊ.”

शहागडला हायवेच्या कडेला अबुबकर मेस्त्री जुन्या गाड्यांची फिरती घरं करून द्यायचा. दोघं तिथं गेले. अबुबकरनं आधी मोठी गाडी दाखवली. मिनीबसच्या मागच्या भागात पलंग, शेगडी, संडास, सगळं होतं. ड्रायव्हरच्या जागेत आणि खोलीत पत्र्याची भिंत. त्यानं तिथंच शेगडी पेटवून चहा करून पाजला.

“बिलकुल घरासारखी हाये, काकी. चालू गाडीत पडून ऱ्हा, कोणाची नजर न्हाई.”

मच्छिंद्र तर हरखूनच गेला. म्हणाला, “चालवून बघतो. तू मागंच बस, म्हंजी कळंल.”

सगुणाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. अबुबकर बाहेरून कडी लावून पुढं मच्छिंद्रच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्यांना कोंडल्यासारखं झालं. पण नवऱ्याचा एवढा उत्साह, बोलायचं कसं?

गाडी हायवेला लागली. गतिरोधकावर दणका बसला, भांडी खणखणली. थोड्या वेळानं घाण वास आला. सगुणाबाईंना आधी संडासाचा वाटला. मग लक्षात आलं. गॅस!

“अहो! थांबा!” त्यांनी पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. पलीकडून इंजिनाची घरघर आणि दोघांचं हसणं ऐकू आलं. त्यांनी दार ओढलं. आतून कडीच नव्हती. ज्या खोलीत लाज झाकायची सोय होती, तिथंच आपलं मरण लिहिलंय असं त्यांना वाटलं.

ओट्याखालचं सिलिंडरचं कपाट दणक्यानं अडकलं होतं. त्यांनी खाली बसून झटका दिला, पुन्हा दिला. कपाट उघडलं तसा वासाचा लोट तोंडावर आला. रबरी नळी निसटून लोंबत होती. गडबडीत सिलिंडरचं बटण हाती लागेना. “रेणुकामाय, रेणुकामाय,” म्हणत त्यांनी ते कसंबसं फिरवलं. बंद झालं की अजून उघडलं, हेही कळेना.

खिडकीची काच वीतभरच सरकली. त्यांनी नाक तिथं लावलं आणि पदर बाहेर सोडून हलवायला सुरुवात केली. खाली गोदावरीचा पूल सुरू झाला होता. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्नवर हॉर्न दिले. ट्रक शेजारी आला, क्लीनर हातवारे करून ओरडला. पुलाच्या पल्याड गाडी थांबली.

दार उघडलं तेव्हा सगुणाबाई मच्छिंद्रच्या अंगावरच कोसळल्या. अबुबकरचा चेहरा पांढराफटक. “काकी, माफ करा. माझ्याच हातानं नळी बसवल्ती,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

रस्त्याकडेला लिंबाखाली बसवून मच्छिंद्रनं बायकोला पाणी पाजलं.

“जाऊ दे, सगुणा. न्हाई घ्यायची गाडी. घरीच बरं.”

सगुणाबाईंना अजून धाप लागत होती. पण ‘घरी’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं ती दोन वर्षं उभी राहिली: अंगण, उंबरा, पुन्हा अंगण. त्याचंही त्यांना भय वाटलं.

“गाडी घ्यायची,” त्या म्हणाल्या. “पण मधी भिंत नको. मी हाक मारली की तुम्हाला ऐकू आली पाह्यजे. दार आतून उघडलं पाह्यजे. अन् शेगडी नकोच. चहा ढाब्यावर पिऊ.”

“मंग त्यात ऱ्हायलं काय?”

“संडास ऱ्हायला. मला दुसरं काय पाह्यजे होतं?”

पलंगाचा, शेगडीचा शौक आपलाच होता, हे मच्छिंद्रला तेव्हा उमगलं.

अबुबकरकडं एक छोटी व्हॅन पडून होती. तिच्यात त्यानं मागं आडोसा करून संडास बसवला. पुढून मागं जायला मधली वाट मोकळी ठेवली. न्यायला गेले त्या दिवशी सगुणाबाईंनी आत बसून दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

पहिल्यांदा ते लोणारला गेले. वाटेत सगुणाबाई दर खड्ड्याला दचकत होत्या, हवा हुंगत होत्या. मंठ्याच्या पुढं मच्छिंद्रनं विचारलं, “भ्या वाटून राह्यलं का?”

“लई,” त्या म्हणाल्या. मग बाटली उघडून त्या घटाघटा पाणी प्यायल्या.