रुसून मिळवलेलं डायलिसिस

आमच्या इवायांसारखा रुसणारा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही. विदर्भात कुणी असलाच, तर आमच्या इवायांची कीर्ती ऐकून त्यानं एव्हाना रुसणं सोडून शेती धरली असेल. इवाई म्हणजे व्याही; आम्ही एकमेकांना तसंच हाक मारतो. आमची थोरली त्यांच्या घरात दिली आहे, त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगतोय. लग्नात नवरदेवानं भरल्या ताटावर रुसून बसायचं आणि सासऱ्यानं अंगठी नाहीतर घड्याळ पुढं करून त्याची समजूत काढायची, ही रीत सगळीकडं आहे. आमचा जावई गरीब गाय. त्यानं ताट आलं तसं जेवायला सुरुवात केली. रुसले ते त्याचे वडील. कारण काय, तर बँडवाल्यांनी त्यांच्या जीपपुढं वाजवायचं सोडून मागून आलेल्या टेम्पोपुढं वाजवलं, आणि त्या टेम्पोत नुसत्या गाद्या होत्या. "गाद्यायला बँड अन् मला धूळ!" एवढं बोलून इवाई मांडवामागच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले आणि उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं. मी हात जोडले, बायकोनं जोडले, भटजींनी मुहूर्ताची भीती घातली. शेवटी अख्खा बँड त्या बाजेभोवती उभा करून वाजवला, तेव्हा कुठं उपरण्याच्या आतून आवाज आला, "क्लॅरनेटवाला बराबर फुकून न्हाई राहिला."

त्यांच्या रुसण्याला शास्त्र होतं. रुसव्यात अन्नावर राग काढायचा नाही, हा त्यातला पहिला मुद्दा. त्यामुळं रुसलेले इवाई पाठमोरे बसून चार भाकरी आणि वाटीभर ठेचा शांतपणे संपवत, आणि ताट न बघता मागं सरकवत. एकदा कुणीतरी म्हणालं, "मामा, मग हे उपोषण कसलं?" तर इवाई उसळले. "उपोषण परक्यावर करतेत. रुसायचं ते आपल्या माणसावर." आता घोटाळा असा की सेनगाव तालुक्यात इवायांना परकं माणूसच नव्हतं. ते वीज मंडळाच्या साहेबावर रुसायचे, एसटीच्या कंडक्टरवर रुसायचे. एकदा गोरेगावच्या बाजारात एका अनोळखी बाईनं वांगी देताना 'घ्या दादा' न म्हणता नुसतं 'घ्या' म्हटलं, तर तिच्या टोपल्याशेजारी पाठ करून बसले. तिनं दोन वांगी जास्तीची घातली तरी उठेनात. शेवटी 'दादा' म्हणाली तेव्हा उठले, आणि ती दोन वांगी परत केली.

इहीणबाई म्हणजे त्यांच्या मंडळी, अगदी उलट. बोलणं मोजकं, हसणं पदराआड, आणि नवरा कुठल्याही गावात रुसला असो, शेवटी बोलावणं त्यांनाच जायचं. समजूत काढायला त्या काही बोलत नसत. नुसत्या बाजेपाशी येऊन उभ्या राहत. जरा वेळानं इवाई स्वतःच उपरणं बाजूला करून म्हणत, "उन्हात कशाला आलीस?"

अशा या बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या. नांदेडला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तांबडं फुटायच्या आत जीप धरायची, हिंगोलीहून पुढं बस, तिथं चार तास हाताला सुया टोचून मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आणि परतताना नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून रस्त्यातले सगळे खड्डे झेलत यायचं. दोन डायलिसिसच्या मधला दिवस थकवा उतरण्यात जायचा, आणि उतरला की पुन्हा जीप. काही महिन्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "मी आता येणार न्हाई. जगायचं तेवढं घरात जगते. रस्त्यावर न्हाई जगायचं मला."

इवाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले आणि दारातच बसले. पाटावर बसा म्हटलं तरी उठले नाहीत. "इवाई, ती रुसली असती तर मला चालली असती," ते म्हणाले. "रुसल्याला समजूत असते. ही खरं बोलून राहिली."

मग त्यांना कुठूनसा पत्ता लागला एका संस्थेचा. एका डॉक्टरीणबाईंनी शहरात स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये एका जुन्या मशीनवर ती सुरू केली होती. नफा घ्यायचा नाही, ज्याला परवडत नाही त्यालाही मशीनवर घ्यायचं, असा तिचा रिवाज. पुढं दोन-तीन तालुक्यांच्या गावी त्यांनी अशीच केंद्रं काढली. इवाई तिथं गेले, सेनगावातही एक केंद्र काढा म्हणाले. बाई चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या की सेनगाव यंदा यादीत नाही, पुढं पाहू. इवाई "बरं" म्हणून उठले आणि संस्थेच्या दारात, चपलांच्या शेजारी, भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. उपरणं डोक्यावरून.

बाई बाहेर आल्या. "बाबा, उपोषणाला बसलात की काय?"

"न्हाई बाई. मी रुसलो हाव."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"अहो, आपली तर ओळखसुद्धा नाही!"

"म्हून तर जास्त रुसलो."

शहरातल्या माणसाला या हत्याराची सवय नसते. मोर्चा आला तर पोलिस बोलावता येतात, निवेदन आलं तर कपाटात ठेवता येतं. पण दारात एक पाहुणा रुसून पडला आहे आणि दुपारी "भाजी बरी झाली, मीठ जरा कमी हाय" असं भिंतीला सांगतो आहे, याला कुठलं कलम लावणार? दुसऱ्या दिवशी बाई चपलांच्या मध्ये फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "मोठा हॉल लागेल. चोवीस तास वीज लागेल. आणि पाणी लागेल, भरपूर, स्वच्छ. आहे का तुमच्याकडं?" उपरणं खाली आलं. "बाई, माझं मंगल कार्यालय हाय. त्याच्या बोअरनं हजार हजार माणसाच्या पंगती उठवल्यात."

खरं तर हजार माणसाची पंगत त्या कार्यालयात मी कधी पाहिली नाही, आणि मी लग्नाचं जेवण सहसा चुकवत नाही. पण बोअर खरंच खोल होती. नवरा-नवरीच्या खुर्च्या जिथं मांडायच्या त्या स्टेजवर मशीनं आली. जिथं बुंदी पडायची त्या भटारखान्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. नवरीच्या खोलीत डायलिसिसवाल्या ताई बसायला लागल्या, परभणीकडच्या, वयानं लहान पण आवाजानं मोठ्या. पाटी तेवढी तशीच राहिली, त्यामुळं लोक तारखा विचारायला येतच राहिले. "वैशाखात खाली हाय का?" असं कुणी विचारलं की इवाई त्याच्या पायाकडं बघायचे. "खाली न्हाई. पर पायावर सूज दिसून राहिली तुमच्या. आलाच हाव तर बीपी पाहून जा." लग्नाची तारीख धरायला आलेला एक मुलीचा बाप असाच वेळेवर सापडला आणि मशीनऐवजी औषधावर निभावला. लग्न शाळेच्या मैदानावर झालं.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र इवायांनी सगळ्यांचे प्राण कंठाशी आणले. कार्यालय आपलं, दारात पाहुणे, आणि पाहुण्याला कोरडं बसवायचं हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यांनी टेम्पोभर शहाळी मागवली होती आणि केळीचे घड टांगले होते. पहिल्या पेशंटच्या हातात शहाळं टेकलं आणि ताई नवरीच्या खोलीतून ओरडत धावल्या, "बाबा, थांबा! त्यांना चालत नाही! पोटॅशियम!"

इवायांनी मागं वळून पाहिलं. "ते कोण आलंय? त्यालाबी द्या एक."

मग ताईंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की किडनी बंद पडलेल्या माणसाला शहाळं म्हणजे विष, केळं म्हणजे विष, आणि साधं पाणीसुद्धा दिवसाकाठी तांब्याभर मिळालं तरी भाग्य. इवाई ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. इहीणबाईंचं पथ्य त्यांना पाठ होतं. पण तो घरचा आजार, त्याला घरचे नियम. सगळ्या पाहुण्यांनाच पाणी विचारायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि इकडं भटारखान्यातलं यंत्र टाक्यांमागून टाक्या पीत होतं. "मशीनला टाकीभर अन् माणसाला घोट! हे कसलं शास्त्र वो?" असं म्हणून ते वैद्यकशास्त्रावर रुसले. वैद्यकशास्त्र समजूत काढायला आलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठले, हिंगोलीहून अत्तराची कुपी आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक पेशंटच्या, सुया नसलेल्या हाताला अत्तर लावून "या, बसा" म्हणू लागले. ताई म्हणायच्या, आमचं सेंटर भारतातलं एकमेव आहे, जिथं स्पिरिटपेक्षा हिन्याच्या अत्तराचा वास जास्त येतो.

इहीणबाई त्या हॉलमध्ये घरून चालत यायच्या. स्टेजवरच्या कडेच्या पलंगावर पडून स्वेटर विणायच्या, सुया टोचल्या की एका हातानं विणता येईना, मग कुणा पेशंटच्या सोबतीला आलेल्या बाईला टाके सांगायच्या. त्या घरात जगत होत्या. इवायांना यापेक्षा जास्त काही नको होतं.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. सकाळ-दुपार दोन्ही पाळ्या भरल्या. एक दिवस जवळच्या तांड्यावरून एक तरणी बाई आली. तोंड सुजलेलं, बोलताना धाप. ताईंनी जड जिवानं सांगितलं, "जागा नाही गं. नांदेडला जा." ती जीपची वाट बघत पायरीवर बसली. इहीणबाईंनी आतून ते ऐकलं. सुया टोचायच्या आधीच पलंगावरून उठल्या. "माझ्या जागी हिला घ्या."

ताई म्हणाल्या, असं नाही चालत, काकू. तेव्हा इहीणबाई बाहेर गेल्या, व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसल्या आणि त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

इवायांची बोबडी वळली. "अगं, काहून असं करून राहिलीस?"

"तिसरी पाळी सुरू करा," पदराच्या आतून उत्तर आलं.

"त्याला दुसरी ताई लागते! माणूस कुठून आणू मी?"

त्या दिवशी त्यांनी डायलिसिस घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला निरोप आला, मी धावत गेलो. इहीणबाईंचे पाय सुजलेले, श्वास तोकडा, आणि शेजारी बाकावर ती तांड्यावरची बाई, नांदेडची जीप सोडून थांबलेली, रडवेली, "माय, नको करू माझ्यासाठी, नको." मी म्हटलं, "इहीणबाई, माझ्याकडं बघून तरी..." तर पदर जरासा हलला. "इवाई, तुमी मधी पडू नका. माझं मागणं काही अवघड न्हाई."

इवायांनी फोन लावला. शहरातल्या डॉक्टरीणबाई हसतच म्हणाल्या, "काय बाबा, पुन्हा रुसलात?" मी त्या माणसाला चाळीस गावच्या लग्नांत पाहिलं आहे. त्यांचा आवाज असा चिरलेला मी कधी ऐकला नव्हता. "रुसायला टाइम न्हाई बाई. आज नुसते हात जोडून राहिलो. माणूस द्या."

बाईंनी लगेच दुसऱ्या केंद्रात फोन केला. तिथला एक टेक्निशियन बॅग घेऊन संध्याकाळी सेनगावला उतरला, आणि दुपारची पाळी उठली तशी तिसरी सुरू झाली. इहीणबाईंनी आधी त्या पोरीला पलंगावर झोपलेलं पाहिलं, मशीन फिरायला लागलेलं पाहिलं, मगच शेजारच्या पलंगावर आडव्या झाल्या. इवाई मध्ये स्टुलावर बसले. दोघींनाही त्यांनी अत्तर लावलं. "रुसणं इतकं वाईट असतं, हे कुणी सांगितलं न्हाई मला," ते म्हणाले. इहीणबाई म्हणाल्या, "सांगणार कोण? तुमी पाठमोरे असायचे."

ती तिसरी पाळी अजून चालू आहे. इहीणबाई त्यानंतरही बरीच वर्षं स्टेजवरून टाके सांगत राहिल्या. गेल्या थंडीत घरच्याच बाजेवर झोपेत गेल्या. तेरावं झाल्यावर सोयऱ्याधायऱ्यांत कुजबूज सुरू झाली की इवाई आता कार्यालय पुन्हा लग्नाला देतील. कुणी कुणी तारखाही मनात धरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई अत्तराची कुपी घेऊन कार्यालयाच्या दारात उभे होते.

परवा मी सहज गेलो. पुसेगावचे एक म्हातारे पहिल्यांदाच आले होते. सून आणि लेक दोन्हीकडून विनवत होते, आणि म्हातारा हात छातीखाली दाबून भिंतीकडं तोंड करून पडला होता. सुई टोचू देईना. ताईंनी इवायांकडं पाहिलं. इवाई गेले, स्टूल ओढून म्हाताऱ्याच्या पाठीशी बसले, आणि काहीच बोलले नाहीत. बराच वेळ. मग म्हाताऱ्यानंच भिंतीला विचारलं, "कोण हाय?"

"मी इथला. बसलो हाव."

"जा तुमी. मला न्हाई करायचं."

"नका करू. मी बी बसतो जरा."

मशीनं फिरत होती. म्हाताऱ्यानं मान जराशी वळवली. "तुमचं कोण हाय मशीनवर? मंडळी का?"

"इथंच असायची. गेल्या थंडीत रुसून गेली." इवायांनी कुपीचं बूच काढलं, पुन्हा लावलं. "लई बसलो तिच्यापाशी. या खेपेला न्हाई उठली."

म्हाताऱ्यानं छातीखालचा हात हळूच बाहेर काढला आणि इवायांच्या मांडीवर ठेवला.