सायकल पोचली, बशीरचाचा घाटातच

मंडळी, आज मी एका माणसाला घाटात विसरलो.

आमच्या चार दिवसांच्या सायकल मोहिमेत मी मदतीच्या टेम्पोवर असतो. सकाळी कन्नडच्या घाटात आमच्यातल्या बशीरचाचांच्या सायकलचा ब्रेक तुटला. वय बासष्ट. टेम्पोत त्यांची सायकल कशीबशी बसली, माणसाला जागाच उरली नाही. मी म्हणालो, "चाचा, इथंच थांबा, हलू नका. कन्नडहून दुसरी गाडी पाठवतो."

नंबर आमच्याकडं सायकलीला लावतात. कन्नडला आमच्या लोकांनी सायकली मोजल्या, चाचांच्या सायकलीसकट सगळे नंबर भरले, म्हणून सगळे पोचले समजून दुसरी गाडी वेरूळला निघून गेली. मी ब्रेक दुरुस्त करत बसलो. वाटलं, गाडी घाटात गेली असेल. एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही.

तीन तासांनी मीच गेलो. चाचा त्याच दगडावर, उन्हात. पाणी संपलेलं, फोन सायकलीच्या पिशवीत. सावली पुढच्या वळणावर होती.

"तिथं का नाय गेलात?"

"तुम्हीच म्हणलात ना, हलू नका."

रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी मुलाला बोलावून ते गुपचूप घरी गेले.

उद्या निघताना सगळ्यांना सांगायचं माझ्याकडंच आहे, "बिनधास्त चालवा, आम्ही मागं आहोत."

कोणत्या तोंडानं सांगू?