दिवसातून पाच आंघोळी

माझा धाकटा भाऊ दारूला शिवत नाही, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की त्याच्या लग्नाच्या बैठकीत मी ते न अडखळता म्हटलं. मी उल्हासनगरला शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मुलीकडच्यांनी माझ्या शब्दाला जरा जास्तच वजन दिलं. "सुपारीचंसुद्धा व्यसन नाही," अशी पुस्तीही मी जोडली. ते खरंच होतं, त्याला सुपारी कधी आवडली नाही. गांजा आवडायचा. तो कॉलेजपासून रोज संध्याकाळी चार मित्रांबरोबर टेकडीच्या कडेला बसून ओढत होता. ते मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला माहीत नव्हतं.

भाऊ अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. यंत्रावरून उतरलेला माल मापात आहे का ते बघायचं, नसेल तर बाजूला काढायचा, हे त्याचं काम. तो आणि भावजय बदलापूरला बेलवलीत राहतात, मी स्टेशनच्या पूर्वेला.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठल्याबरोबर ओकारी, पोटात कळ, दोन दिवस अन्नाचा कण नाही. मग पंधरा दिवस ठीक, मग पुन्हा तेच. बदलापूर गावातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी तो खुर्चीवर बसायच्या आतच "पित्त" म्हणून टाकलं. पित्त हा आमच्याकडे आजार नाही, खानदानी ठेवा आहे, त्यामुळे सगळ्यांना पटलं. भावाच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मात्र कारण पाण्यात दिसलं. त्यांनी लेटरहेडवर तीन पानी निवेदन लिहिलं आणि त्यात माझ्या भावाचा उल्लेख "एक जलपीडित रहिवासी" असा केला. मी निवेदनाला हसले, पण पाण्याचं मलाही पटलं होतं. नळाचा नमुना बाटलीत भरून मी तपासायला दिला. पाणी निर्दोष निघालं. मी प्रयोगशाळेवर संशय घेतला.

भावजयीने तेल बदललं, गहू बदलले, चहा बंद केला. तिच्या मामांच्या सल्ल्याने पलंगसुद्धा फिरवला. भावाला बरं वाटायचं ते एकाच गोष्टीने, कढत पाण्याच्या आंघोळीने. गीझर लावून अर्धा अर्धा तास, दिवसातून चार-पाच वेळा.

"तुझ्या नवऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलंय," मी भावजयीला म्हणाले.

"वेड चालेल हो ताई. पाठीची सालटी निघालीत त्यांच्या."

त्याच सुमारास सोसायटीत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांच्या सत्काराला चाळीस मिनिटं लागली, व्यसनांना दहा मिळाली. शेवटी सामूहिक शपथ होती. भाऊ पहिल्या रांगेत हात पुढे करून खणखणीत आवाजात बोलला. आज मला खात्री आहे की तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी व्यसन म्हणजे दारू, आणि गांजा म्हणजे झाडपाला, तोही महादेवाचा.

वजन अडुसष्टवरून बावन्नवर आलं तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. बरा झाल्याचा दाखला आणल्याशिवाय गेटच्या आत यायचं नाही. आता प्रश्न पित्ताचा उरला नव्हता. तो कामावर परत जाणार की अंथरुणावरच राहणार, असा होता.

उल्हासनगरला कॅम्प चार भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात त्याला सलाईन लावलं. तिथली डॉक्टर एक तरुण सिंधी मुलगी होती. तिने त्याला कुशीवर वळवलं.

"ये पीठ पे क्या हुआ?"

"गरम पाणी," भावजय म्हणाली.

"दिन में कितनी बार नहाते हो?"

"पाच," भाऊ म्हणाला.

"और गांजा?" चहात साखर किती, अशा सुरात तिने विचारलं.

"डॉक्टर, आमच्या घरात असलं काही—" मी सुरुवात केली.

"मॅडम, मैंने आपसे नहीं पूछा. आप जरा बाहर बैठो."

आयुष्यात मला वर्गाबाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. दहा मिनिटांनी आत बोलावलं तोवर वीस वर्षांचा इतिहास केसपेपरवर उतरला होता. डॉक्टरने समजावलं की वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांपैकी काही जणांना अशा उलट्या होतात. कढत पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. औषध एकच, बंद करणं.

"उलटं आहे डॉक्टर," भाऊ म्हणाला. "मळमळ त्यानेच तर थांबते."

"सब यही बोलते हैं."

बाहेर आल्यावर भावजय माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना ताई, सुपारीसुद्धा नाही म्हणून."

घरी आणल्यावर मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. वाचन केलं, टिपणं काढली आणि फुप्फुसं, स्मरणशक्ती, मेंदू असं क्रमवार व्याख्यान दिलं. त्याने डोळे मिटून ऐकून घेतलं.

"झालं?" तो म्हणाला. "आता माझं ऐक. आपण तेल बदललं, गहू बदलले, चहा बंद केला, पलंग फिरवला. सगळं एकदम. आमच्याकडे माल बिघडायला लागला तर एका वेळी एकच गोष्ट बदलतात. नाहीतर कळणार कसं बिघाड कुठे आहे ते?"

हे मी दरवर्षी आठवीला शिकवते. घरी शिकवायचं राहिलं होतं.

मग जुनं तेल परत आलं, चहा परत आला, पलंग मूळ जागी गेला. बंद झाला फक्त गांजा. "सोडलेला नाही. ट्रायल आहे," असं त्याने आम्हाला बजावलं. शपथ नको म्हणाला, आणि मीही आग्रह केला नाही.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. झोप नाही, घामाने अंथरूण भिजायचं, डोळा लागला की भयंकर स्वप्नं. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवून उठला. "ओकत होते तेव्हा बरे होते हो," भावजय फोनवर म्हणाली. सहाव्या आठवड्यात अन्न पोटात टिकायला लागलं. तिसरा महिना भरायच्या आत दाखला घेऊन तो गेटच्या आत गेला.

संध्याकाळी मात्र त्याला काय करावं कळेना. मित्रांशी भांडण नव्हतं, फक्त बसायची जागा गेली होती. एका रविवारी त्यातला एक घरी आला. चहा झाला. "बाकी?" "बाकी काय." एवढ्यावर तास गेला. एकमेकांची पोरं कितवीत आहेत हे वीस वर्षांत दोघांनी कधी विचारलं नव्हतं. तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, सुपरवायझरची जागा मी दोनदा नाकारली. संध्याकाळ गेली असती म्हणून." मी चारचौघांत त्याचं उदाहरण निरिच्छ माणूस म्हणून देत असे. ते बंद केलं.

पाचव्या महिन्यात त्याने पुन्हा सुरू केला. आमच्यापुढे कारण ठेवलं, उलट तपासणी. जुनी सेटिंग परत लावायची. दोष परत आला तर शंका उरत नाही. डॉक्टरने बजावलं होतं की हा प्रयोग करायचा नाही. पण माणसाला ओढायचंच असलं की तो शास्त्रसुद्धा हाताशी धरतो, आणि हे शास्त्र आमच्या घरातलं होतं.

"तुमची क्वालिटी माझ्या घरात नको," भावजय म्हणाली. महिनाभरात दोष परत आला. दोन दिवस ओकून तो भिंतीला टेकून बसला होता. भावजय समोर उभी राहिली.

"आली खात्री?"

"आली."

"आता आणखी काही तपासायचंय?"

त्याने मान हलवली. नाही.

त्याला आता सव्वा वर्ष होत आलं. वजन भरलं आहे, काम चालू आहे. सगळं जागेवर आलं असं मात्र मी म्हणणार नाही. परवा मी बेलवलीला गेले होते तेव्हा तो कामावरून आला. भावजयीने दार उघडलं, उंबऱ्यावरच त्याला थांबवलं, आणि माझ्यादेखत त्याच्या शर्टाच्या कॉलरचा वास घेतला. मग एका हाताचा.

"अजून किती दिवस?" त्याने विचारलं.

"मला वाटेल तितके."

त्याने दुसरा हात पुढे केला.