डोमाजीची सरकारी किटली

डोमाजी चपराशी कशाला भीत नाही, हे शोधायला अमरावतीत अख्खा दिवस फिरावं लागलं असतं. साहेबाच्या घंटीला तो भ्यायचा, ते तर नोकरीतच आलं. पण घंटी वाजली नाही तरी भ्यायचा. साहेब रागावले असतील, म्हणूनच वाजवत नसतील, असं त्याला वाटे. पोस्टमन दारापुढून सरळ निघून गेला तर हा म्हणे, "काहून थांबला नसन बाप्पा?" आणि थांबला तर आतल्या खोलीत जाऊन बसे. त्याची बायको जाईबाई आयाबायांना सांगायची, "लग्नात हार घालतानी मानूस थरथर कापून राह्यला होता. मले वाटलं, हिवताप हाये."

हसणाऱ्यांनी हसावं, पण त्याच्या भीतीला कारण होतं. घराण्यातला तो पहिला सरकारी माणूस. बाप बुधाजी अंजनगाव सुर्जीच्या बाजूला जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला आणि पोराच्या अंगावरचा खाकी कोट पाहून गेला. त्या कोटाची बटनं डोमाजी रोज पुसायचा. पण नोकरी अजून कच्ची होती. कायम करण्याचा कागद वर गेला होता, आणि वर गेलेला कागद खाली येईपर्यंत खालच्या माणसानं श्वाससुद्धा हळू घ्यावा, असं त्याचं मत होतं.

आणि त्याच्या नशिबी बहीण होती इंदूबाई.

इंदूबाई त्याच्याहून मोठी, अकोल्याला दिलेली. नवरा किसनराव कापडाच्या मिलमध्ये. ही पक्षाच्या सभेत पहिल्या रांगेत बसायची आणि बोलणारा चुकला की तिथूनच दुरुस्त करायची. तिला लिहिता येत नव्हतं आणि कोणाकडून लिहवून घेण्याइतका धीर नव्हता. तिनं भावाशी बोलण्याची आपली तऱ्हा काढली होती. अकोल्याहून सकाळी निघणाऱ्या एष्टीवर श्रावण कंडक्टर असायचा. तो त्यांच्याच गावचा. स्टँडवर येऊन इंदूबाई त्याला निरोप सांगायची, आणि तो मूर्तिजापूर, बडनेऱ्यापर्यंत घोकत आणायचा. विसरू नये म्हणून तो निरोप तिच्याच आवाजात, तिच्याच हातवाऱ्यांनी पाठ करायचा, आणि तसाच सोडायचा.

ऑफिसचा चहा आणायला डोमाजी त्याच सुमारास किटली घेऊन अमरावतीच्या स्टँडवर यायचा. गाडी पुरती थांबायच्या आत श्रावण दारात लटकून ओरडायचा:

"डोमाजी, जय भीम! तुही बहीन इचारते, बकरी व्याली का नाई? बोकड झाला असन त त्याले इलेक्शनले उभा कर म्हन्ते. आपल्या मेंबरापेक्षा जास्त बोलन!"

सगळा स्टँड हसायचा. कँटीनवाला नत्थुजी गाळणी धरून हसायचा. डोमाजी आधी चारी बाजूला पाहायचा, मग ओठांतल्या ओठांत 'जय भीम' म्हणायचा.

"हळू बोल ना गा श्रावन."

"हळू कसा बोलू? तिनं जोऱ्यात सांगतलं हाये."

दुसऱ्या दिवशी नवं काही असायचंच. "राशनची लाल जवारी खाऊ खाऊ तुह्या भाटव्याचं, किसनरावाचं, तोंड लाल झालं म्हन्ते. आता तो लाल बावट्यात जातो म्हनून राह्यला. तू तिकडं पांढरी खाऊन राह्यला असन, सरकारी जावई!" कधी मंत्र्याची सभा, कधी शेजारणीची कोंबडी, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच दमात. डोमाजीचं उत्तर मात्र ठरलेलं: "आमी बरे आहो म्हनून सांग." श्रावणला हे पोचवायची लाज वाटायची.

भीतीची खरी जागा वेगळीच होती. ऑफिसचे बडे बाबू, खुशालराव, पान खायला स्टँडवर यायचे. पान तर ऑफिससमोरही मिळायचं. पण बडे बाबू अकोला गाडीच्या वेळेलाच यायचे, पानाला चुना लावून घेत उभे राहायचे आणि सगळं ऐकायचे. हसायचे नाहीत. नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात डोमाजीच्या कित्येक रात्री गेल्या होत्या.

चौसष्टच्या हिवाळ्यात भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि निरोपांतली कोंबडी मागं पडली. "पडीत जमीन आमाले द्या म्हनून बाया कचेरीवर चालल्या म्हन्ते. तू येतं का? तुह्या कोटाले बटनं लय हायेत, दोन आमच्या झेंड्याले दे म्हन्ते!"

त्या दिवशी डोमाजीच्या हातातली किटली भर स्टँडवर वाजायला लागली. ऑफिसात दुसरा चपराशी देवमन यानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "सरकारी मानसानं चळवळीत जाचं नसते बाप्पा. घरी जाचा टाइम येते." देवमनचा कायदा तिथंच संपत होता, डोमाजीनं तो पुढं वाढवला. आपण जायचं नाही, बहिणीनं जायचं नाही, आणि बहीण गेलीच तर तिचा आवाज आपल्यापर्यंत येता कामा नये.

त्यानं श्रावणला कोपऱ्यात घेतलं. "तिले सांग, पाया पडतो म्हनून सांग. राजकारन नोको. साधी खबर धाडत जा म्हना. चार लोकं धाडतात तशी."

श्रावणनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं गाडी उलटी चालवायला सांगितली होती.

पुढं दोन-चार दिवस श्रावण नुसता हात हलवून जायचा. मग एक दिवस उतरून जवळ आला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "तुही बहीन बरी हाये. तुमची सगळ्याइची आठवन येते म्हने. थंडी लय हाये, तब्येतीले जपजो म्हने."

डोमाजीला अगदी हलकं वाटलं. पानाच्या टपरीशी बडे बाबू उभे होते. ऐकलं तर ऐकू दे. दुसऱ्या दिवशीही तसंच. "सगळं ठीक हाये म्हने. लेकराइले आशीर्वाद सांगतला." डोमाजी ऑफिसात आला आणि कप भरता भरता थांबला. चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून एका फायलीवर गेला तरी त्याचा हात तसाच.

आशीर्वाद?

इंदूबाईनं उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही. ती भावाचं ऐकून राजकारण सोडेल? त्याला शिवी न देता थंडीची चौकशी करील? बाप गेला तेव्हासुद्धा ती रडत रडत म्हणाली होती, "डोम्या, आता तरी सरळ उभा राह्य, बाप पाहून राह्यला."

आजवरच्या सगळ्या भीती त्याला ओळखीच्या होत्या. ही नवी होती, आणि हिचा साहेबाशी काही संबंध नव्हता.

घरी त्यानं जाईबाईला सांगितलं. तिनं भाकरी परतायची थांबवली. "आशीर्वाद म्हने? वन्संनं?" मग हळूच म्हणाली, "काई तरी झालं हाये."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नत्थुजीच्या कँटीनमध्ये कोणी पेपर मोठ्यानं वाचत होता. ठिकठिकाणी धरपकड. जेलं भरली. कोणी म्हणालं, कुठं तरी लाठी चालली. कोणी म्हणालं, बाईचं डोकं फुटलं. कोणत्या गावची बाई, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. डोमाजीनं भरलेली किटली उचलली तेवढ्यात गाडी आली. श्रावण उतरला.

"बहीन खुशाल—"

"थांब," डोमाजी म्हणाला. "तिनं मले काय म्हनून बोलवलं? निरोप देतानी, काय नाव घेतलं माहं?"

"नाव? डोमाजी म्हने. डोमाजीभाऊले सांग म्हने."

"भाऊ म्हने?"

श्रावणनं मान खाली घातली. गावचा माणूस, खोटं बोलण्याची सवय नाही. घोकून आणलेलं तेवढं संपलं होतं.

"जिवंत हाये का?" डोमाजीनं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की श्रावणला पुन्हा विचारावं लागलं.

"हाये ना गा! आत हाये. जेलात. पकडली त्या दिवशी मले सांगून गेलती, डोम्याले सांगू नोको, तो मरन. काई तरी चांगलं बोलत जा म्हने. मले काय बोलता येते चांगलं? मंग मी ते आशीर्वाद..."

"लागलं का तिले?"

"तसं ऐकलं. मी पाह्यलं नाई."

गाडी परत अकोल्याला निघायची होती. डोमाजी चढला. "नत्थुजी, घरी सांगजो, मी इंदूबाईकडं गेलो," एवढं त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं. ऑफिसात सांगायला मात्र त्याची जीभ वळली नाही. गाडी बडनेऱ्याच्या पुढं गेली तेव्हा शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाबू, चहा सांडून राह्यला."

डोमाजीनं खाली पाहिलं. मांडीवर किटली होती. ऑफिसची. पांढऱ्या रंगात ऑफिसचं नाव आणि नंबर घातलेली, चहानं भरलेली सरकारी किटली.

मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं गुन्ह्यांची मोजदाद केली. रजा नाही. साहेब चहाविना. सरकारी माल गावाबाहेर. आणि तो माल घेऊन जातोय कुठं, तर जेलात. कायम होण्याचा कागद त्याला डोळ्यांपुढं फाटताना दिसत होता. पण पुढच्या थांब्यावर उतरून मागं फिरावं, असं त्याला सुचलं नाही, आणि ते सुचलं नाही याचीही त्याला भीती वाटली.

अकोल्याच्या जेलच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं विचारलं, "कोन? काय काम करतं?"

"हमाली," डोमाजी म्हणाला. एवढं तो ठरवून आला होता.

पहारेकऱ्यानं त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, मग खाकी कोटाकडे, मग किटली हातात घेऊन फिरवली आणि नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. "सरकारी मानूस हायेस तू! मंग हमाली काहून सांगतं?"

डोमाजी भिंतीला टेकला. "बहीन हाये आत," एवढंच म्हणाला.

पहारेकऱ्यानं वहीत लिहून घेतलं: नाव, ऑफिस, चपराशी. अक्षर ठळक होतं.

जाळीच्या पलीकडे इंदूबाई आली. मनगटाला फडकं बांधलेलं, ओठ सुजलेला. तिनं आधी भावाकडे पाहिलं, मग किटलीकडे.

"काय बे डोम्या, जेलातबी चहा वाटाले धाडलं का तुह्या साहेबानं?"

डोमाजीला रडू फुटलं. डोम्या म्हणाली होती. जाळीतून किटली जाईना, मग पहारेकऱ्यानंच थंडगार चहा आत नेऊन दिला.

"श्रावन काय सांगत होता तुले?"

"तब्येतीले जप. लेकराइले आशीर्वाद."

"माह्या नावानं असं वंगाळ बोलला?" ती इतकी हसली की ओठाचं रक्त निघालं. तिनं ते पदरानं टिपलं. मग जाळीजवळ आली आणि आवाज खाली केला. तो तिचा खालचा आवाज डोमाजीनं पहिल्यांदाच ऐकला.

"गाडीत कोंबलं ना, तवा मले भेव लागलं डोम्या. लय. आत आल्यावरबी लागून राह्यलं. झोप येत नाई. तुले त रोज लागते. तू कसा राह्यतं बे?"

डोमाजीनं खरंच विचार केला. हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"चहा आनतो," तो म्हणाला. "टेबल पुसतो. भेव लागते, पन काम त करा लागते."

"हं," इंदूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी किटली घासून, पालथी करून, पुन्हा भरून तो स्टँडवर उभा होता. अकोला गाडी आली. श्रावण काही न ओरडता उतरला. सगळा स्टँड थांबला होता. हे असं बरेच दिवस चाललं होतं आणि लोकांना करमत नव्हतं. टपरीपासून बडे बाबूच पुढं आले.

"काल किटली कुठं होती डोमाजी?"

सगळे बघत होते. काही तरी सांगता आलं असतं. किटली गळत होती, झारायला दिली होती, असं त्यानं रात्रभर घोकलंही होतं.

"अकोल्याले," तो म्हणाला. दात वाजत होते. "जेलात. माही बहीन सत्याग्रहात आत हाये. तिले चहा पाजला."

बडे बाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "साहेब चहासाठी खोळंबलेत. चल."

त्या 'हं'चा अर्थ लागला नाही तो नाहीच. कागद वरून आला नाही, घरी जायचा हुकूमही आला नाही. डोमाजी दोन्हींची वाट पाहत टेबलं पुसत राहिला.

आणि एक दिवस गाडी स्टँडात वळायच्या आतच श्रावण दारात लटकलेला दिसला. चेहरा फुललेला, हात तिच्यासारखे हवेत.

"डोम्या! सुटली तुही बहीन! सोमवारी बायाइचा जथा घेऊन अमरावतीले येते, तुह्याच हापिसापुढं! बाया चालत येतीन, तहानल्या असतीन, वऱ्हांड्यातला माठ भरून ठेव म्हन्ते! नाई भरला त तुहं नाव घेऊन भाषन करीन म्हन्ते!"

स्टँड खदखदून हसला. टपरीशी बडे बाबू चुना लावून घेत होते.

सोमवारी सकाळी त्यानं माठ घासला. हिवाळ्यात ऑफिसचा माठ कोणी भरत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांवर येण्यासारखी गोष्ट होती. देवमननं येऊन विचारलं, "कोन येऊन राह्यलं बे आज?" डोमाजी बादली घेऊन पाण्याला गेला. बादली आणताना निम्मं पाणी पायांवर सांडत होतं. एक माठ भरला. मग त्याला वाटलं, बाया किती असतील कोण जाणे. मागच्या खोलीतला दुसरा माठ त्यानं वऱ्हांड्यात आणून मांडला.

साहेबाची घंटी वाजली. त्याच वेळी चौकाच्या पलीकडून, झेंडे दिसायच्या आधी, एक ओळखीचा आवाज यायला लागला. डोमाजी दचकला, बादली त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. "आलो साहेब," तो आत बघून म्हणाला, आणि आधी दुसरा माठ काठोकाठ भरला.